घडलेलं वहीत, घडायचं कार्डावर

बांधकामाच्या साइटवर प्रत्येकाच्या खिशात कागद असतो. कुणाची छोटी डायरी, कुणाच्या घडी घातलेल्या चिठ्ठ्या, कुणी सिमेंटच्या गोणीच्या तुकड्यावर लिहून घेतलेली मापं. मी कंत्राटदाराकडे साइट इंजिनीअर आहे. माझ्या सेफ्टी जॅकेटच्या डाव्या खिशात तीन बाय पाच इंचांची कार्डं असतात आणि उजव्या खिशात तळहातात मावेल एवढी शिवलेली वही. साइटवर नव्याने रुजू झालेली मुलं विचारतात, “मॅडम, दोन्ही कशाला? एक काहीतरी ठेवा ना.” हाच सल्ला मला अनुभवी लोकांनीही दिलेला आहे. तो मला पटत नाही. दोघांची कामं वेगळी आहेत. एकाचं काम दुसऱ्याकडे दिलं की दोन्ही निकामी होतात.

हे समजावून सांगायला स्लॅबच्या दिवसाइतका चांगला दिवस नाही. साताऱ्याजवळच्या एका शासकीय वसतिगृहाच्या पहिल्या स्लॅबचा, १४ मेचा हा दिनक्रम.

सकाळी ५.३०

चहा ठेवला की पत्र्याचा डबा उघडायचा. त्यात पुठ्ठ्याचे ४३ खण आहेत: महिन्याच्या तारखांचे ३१ आणि त्यांच्यामागे बारा महिन्यांचे १२. डेव्हिड ॲलन यांनी २००१ मध्ये ‘गेटिंग थिंग्ज डन’ या पुस्तकात ही रचना सांगितली, ती फायलींसाठी. मी तीच कार्डांना लावली. आज १४ तारीख, म्हणून चौदाव्या खणातली कार्डं बाहेर येतात.

आज त्यात सगळ्यात वर आहे ते कार्ड मी १६ एप्रिलला लिहिलं होतं. ‘तळमजला, कॉलम सी-३ ते सी-६. २८ दिवसांचे क्यूब. लॅबला पाठवणे.’ क्यूब म्हणजे त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे. काँक्रीटची ताकद २८व्या दिवशी तपासायची असते. १६ एप्रिलला कॉलम भरले, त्याचा २८वा दिवस आज. नेमका आजच स्लॅब, त्यामुळे क्यूबची आठवण कुणालाही होणार नव्हती. वहीत ही नोंद आहे, पण ती १६ एप्रिलच्या पानावर आहे, आणि स्लॅबच्या सकाळी महिन्यापूर्वीचं पान कोण उघडतं? वहीकडे आपल्याला जावं लागतं. कार्ड आपल्या तारखेला आपण होऊन समोर येतं. खिशात कार्डं बाळगण्याचं माझ्या दृष्टीने हे पहिलं कारण.

खणातली कार्डं काढली की त्यांचा क्रम लावायचा. कागदावर यादी लिहिली तर क्रम लिहितानाच ठरून जातो. कार्डं मात्र ओट्यावर पसरायची, बघायची, मागेपुढे करायची आणि बाइंडर क्लिप लावून खिशात टाकायची. कार्डं आणि क्लिप एवढ्याच साहित्याला मर्लिन मान या अमेरिकी लेखकाने २००४ मध्ये ‘हिपस्टर पीडीए’ असं नाव दिलं होतं. तेव्हा खिशात पीडीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डायऱ्या, बाळगण्याचा काळ होता. ती यंत्रं गेली, कार्ड आणि क्लिप अजून चालतात.

माझी कार्डं विकतची नाहीत. लग्नपत्रिकांच्या हंगामात छापखान्यात जाड कार्डशीटच्या कडा उरतात. त्या तिथल्याच कटिंग मशीनवर मापात कापून मिळतात. कागद जाड हवा, एवढाच आग्रह. उभ्या उभ्या, खाली काही आधार न घेता लिहिता आलं पाहिजे.

सकाळी ७.००

साइटवर पोचल्यावर पहिली दहा मिनिटं कार्डं वाटण्याची.

एका कार्डावर एकच काम, हा नियम. वर उजव्या कोपऱ्यात तारीख. डाव्या कोपऱ्यात जागा, म्हणजे ड्रॉइंगवरचा ग्रिड नंबर. मधल्या ओळीत काम, आणि ते क्रियापदाने संपणारं. ‘बी-४ बीम’ एवढंच लिहिलं तर दुपारी स्वतःलाच कळत नाही की त्या बीमचं काय करायचं होतं. ‘बी-४ बीम, खालचे कव्हर ब्लॉक बदलणे’ असं लिहिलं की काम दुसऱ्याला सांगता येतं. खाली, अगदी तळाशी, वहीचा पान नंबर.

फिटर मालदाकडचा आहे, मराठी बोलतो पण वाचत नाही. त्याच्या कार्डावर मी चित्र काढते: स्लॅबची वरची जाळी, तिच्याखाली तिला उचलून धरणारी चेअर, दोन चेअरमधलं अंतर.

“मॅडम, एक मीटर दोन्ही बाजूने?”

“हो, दोन्ही बाजूने. आणि टॉयलेट ब्लॉककडे कुणी चालणार असेल तर फळ्या टाका, जाळी दबायला नको.”

तो कार्ड बघतो, टोपीत खोचतो आणि वर जातो. वही अशी कुणाच्या हातात देता येत नाही. दिली तर दिवसभर आपल्याकडे काहीच उरत नाही. पान फाडून द्यावं तर शिवलेल्या वहीचं जोडपान सुटतं आणि नोंदींची साखळी तुटते. कार्ड मात्र देण्यासाठीच असतं. मुकादमाच्या हातात एक, फिटरच्या हातात एक, इलेक्ट्रिशियनच्या हातात कंड्युटचं एक. तोंडी सांगितलेल्या कामात ‘तुम्ही असं म्हणाला नव्हता’ याला कायम जागा असते. कार्डावर लिहिलेल्या कामात ती उरत नाही.

कार्ड हरवू शकतं, हा त्यावरचा नेहमीचा आक्षेप. तो खरा आहे. स्लॅबवर वारा असतो, खिसे फाटके असतात. म्हणून दुसऱ्याला दिलेल्या प्रत्येक कार्डाची एक ओळ वहीत जाते: ‘७.१०, फिटर, चेअरचं कार्ड.’ कार्ड उडालं तरी दिलं होतं हे राहतं.

सकाळी ८.१५

बांधकाम विभागाचे शाखा अभियंता आले. आता पोअर कार्ड.

पोअर कार्ड म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी भरायचा तक्ता. शटरिंगची लेव्हल, प्रॉप म्हणजे टेकू, सळईचा व्यास आणि अंतर, कव्हर, कंड्युट, सफाई. प्रत्येक रकान्यासमोर तपासल्याची खूण आणि खाली दोन्ही बाजूंच्या सह्या. सह्या झाल्याशिवाय पंप सुरू होत नाही. कार्डावर काम बांधून घेणं आमच्या धंद्यात मुळातच आहे, मी ते फक्त खिशात आणलं.

त्याच वेळी शाखा अभियंत्यांच्या टेबलावर धंद्यातली दुसरी वस्तू असते, मोजमाप पुस्तिका. सगळे तिला एमबी म्हणतात. तिची पानं छापील क्रमांकांची. पान फाडायचं नाही. खोडरबर लावायचं नाही. चूक झाली तर वाचता येईल अशी एक रेघ मारून शेजारी सही करायची. कंत्राटदाराचं बिल या पुस्तिकेवर निघतं, म्हणून तिच्यातला प्रत्येक आकडा कधी आणि कुणी लिहिला हे कळलं पाहिजे.

खिशातल्या वहीसाठी मी एमबीचेच नियम घेतले. नवी वही आली की पहिलं काम पानांना नंबर घालायचं. पेन्सिल नाही, बॉलपेन. खोडणं नाही, रेघ. पान फाडणं नाही. आणि वही स्पायरलची नाही, शिवलेलीच. स्पायरलमधलं पान मागमूस न ठेवता निघतं, आणि ज्या वहीतून पान निघू शकतं तिच्यावर वादाच्या वेळी कुणी विश्वास ठेवत नाही.

सळई तपासताना मी क्लिपमधलं सगळ्यात मागचं कार्ड काढते. हे रोजचं नाही, कायमचं. सेलोटेपने दोन्ही बाजूंनी बंद केलेलं. त्यावर व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सळईच्या वजनाचं सूत्र आणि खाली तयार आकडे: ८ मिमीला मीटरमागे ०.३९५ किलो, १० मिमीला ०.६१७, १२ मिमीला ०.८८८, १६ मिमीला १.५८. दुसऱ्या बाजूला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातली क्यूबच्या सॅम्पलची संख्या: १ ते ५ घनमीटरला एक, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, ३१ ते ५० ला चार. हे आकडे वहीत लिहिले तर वही भरली की पुन्हा उतरवावे लागतात. कार्ड वहीमागून वही टिकतं.

सकाळी ९.१०

पहिला मिक्सर आला. आता कार्डं खिशात आणि वही हातात.

आज एकूण ४८ घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरचे आठ मिक्सर. वहीच्या डाव्या-उजव्या पानांवर मिळून मी रात्रीच रकाने आखून ठेवलेत: चलन नंबर, प्लँटवर माल भरल्याची वेळ, साइटवर आल्याची वेळ, रिकामा झाल्याची वेळ, स्लंप (माल किती घट्ट ते), आणि माल कुठल्या ग्रिडमध्ये गेला. प्रत्येक मिक्सरला एक ओळ.

ही नोंद कार्डांवर का नाही? आठ मिक्सर, आठ कार्डं, सोपं वाटतं. पण इथे क्रम हाच पुरावा आहे. कार्डांचा क्रम बदलता येतो, आणि मधे एखादं नवं कार्ड घुसवता येतं. उद्या सी-५ जवळ तडा दिसला आणि तिथे कुठल्या मिक्सरचा माल पडला हे विचारलं, तर उत्तर अशा पानावरून यायला हवं ज्याच्या आधीची आणि नंतरची ओळ त्याच हाताने, त्याच शाईने, त्याच उन्हात लिहिलेली आहे. सकाळी कार्डाचा जो गुण कामाला आला, तोच इथे दोष ठरतो.

फोनवर नोंदी का नाही, हेही इथेच सांगते. मे महिन्याच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही. बोटांना सिमेंटचा रेंदा असतो. लिहिताना मधेच प्लँटचा फोन येतो. फोटो काढायला आणि बोलायला फोनसारखं साधन नाही, पण पंप चालू असताना उभ्याने सहा रकाने भरायला वहीच लागते.

सकाळी ११.५५

सहावा मिक्सर खूप उशिरा आला. चलनावर माल भरल्याची वेळ १०.०५. म्हणजे एक तास पन्नास मिनिटं झालेली. तयार काँक्रीट भरल्यापासून दोन तासांच्या आत पूर्ण रिकामं व्हावं, असं तयार काँक्रीटचं मानक सांगतं. दहा मिनिटांत सहा घनमीटर पंपातून जात नाही. स्लंप घेतला, तोही मर्यादेत बसत नव्हता.

ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, घाटात अडकलो. थोडं पाणी मारा, चालतंय.”

पाणी मारायचं नाही. मारलं तर माल सैल होतो आणि ताकद जाते. मिक्सर परत पाठवला. वहीत ओळ लिहिली: चलन नंबर, १०.०५, ११.५५, स्लंप, ‘परत’. शाखा अभियंता शेजारीच होते, त्यांनी त्या ओळीवर छोटी सही केली. पुरवठादाराशी या सहा घनमीटरचा हिशोब होईल तेव्हा आवाज चढवावा लागणार नाही. पान पुढे करायचं.

दुपारी १२.०५

वहीचं काम झालं. आता दिवसाचा क्रमच मोडला होता, आणि तो नव्याने लावायचं काम कार्डांचं.

पुढचा मिक्सर यायला निदान अर्धा तास. ओतलेल्या काँक्रीटची उघडी कड उन्हात होती. ती सुकली आणि नंतर तिला नवा माल लागला तर तिथे कोल्ड जॉइंट पडतो, पुढे तिथूनच गळती सुरू होते. मी वाळूच्या ढिगाशेजारी प्लायच्या तुकड्यावर उरलेली सगळी कार्डं पसरली. जेवणाच्या सुट्टीचं कार्ड वर आलं: अर्धी माणसं आत्ता, अर्धी नंतर. ‘गोणपाट ओलं करणे’ हे कार्ड दुपारी तीनचं होतं, ते सगळ्यात वर गेलं. जिन्याजवळच्या भागाचं फिनिशिंग मागे गेलं. कॉलमचे क्यूब लॅबला नेणारी जीप दोन वाजता निघणार होती. तिला लगेच पाठवलं, म्हणजे परत येताना तिने डिझेल आणावं. मुकादमाला बोलावून तीन कार्डं हातात दिली. कडेवर पाच मिनिटांत ओलं गोणपाट पडलं.

हीच यादी वहीत असती तर? रेघा मारल्या असत्या, बाण काढले असते, समासात नवे आकडे लिहिले असते, आणि मुकादमाला ते पान दाखवून त्यातलं त्याचं कुठलं ते बोटाने सांगितलं असतं. स्लॅबच्या दिवशी असं पान दोनदा तीनदा तरी तयार होतं. पुढे कधी दिवसाची नोंद शोधताना तेच पान मधे येतं आणि झालेलं कुठलं, ठरवून सोडलेलं कुठलं हे कळत नाही. योजना बदलणारच. म्हणून ती अशा कागदावर हवी ज्याला बदलल्याचं काही वाटत नाही.

दुपारी ३.१५

पावणेतीनला शेवटचा मिक्सर रिकामा झाला. आता क्यूब.

४८ घनमीटरला चार सॅम्पल. प्रत्येकी सहा क्यूब, तीन सात दिवसांना फोडायचे आणि तीन २८ दिवसांना. म्हणजे चोवीस साचे, १५० मिमीचे. सॅम्पलं दिवसभर वेगवेगळ्या मिक्सरमधून घेतली होती, साचे तीन थरांत, प्रत्येक थराला सळईचे ३५ ठोके देऊन भरले होते. उद्या साचे उघडून क्यूब पाण्याच्या टाकीत जातील. नंबर आणि चलन वहीत आहेतच.

आणि आता दिवसातलं माझं सगळ्यात महत्त्वाचं लिखाण: पुढच्या तारखांची कार्डं. काँक्रीट आज ओतलं जातं, पण त्याची कामं महिनाभर येत राहतात.

पहिलं कार्ड उद्याचं: बांध घालून स्लॅबवर पाणी साठवणे. दुसरं २१ मेचं: सात दिवसांचे क्यूब. तिसरंही २१ मेचं: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे प्रॉप काढणे. चौथं २८ मेचं: सहा मीटरपर्यंतच्या बीमचे प्रॉप काढणे, चौदा दिवस. पाचवं ४ जूनचं: हॉलचा बीम सहा मीटरपेक्षा मोठा आहे, त्याच्या प्रॉपला एकवीस दिवसांच्या आत हात लावायचा नाही. सहावं ११ जूनचं: २८ दिवसांचे क्यूब. प्रॉपच्या या मुदती आयएस ४५६ मध्ये साध्या ओपीसी सिमेंटसाठी दिलेल्या आहेत. दुसरं सिमेंट किंवा थंड हवा असेल तर त्या वाढवायच्या असतात. म्हणून प्रॉपच्या प्रत्येक कार्डावर तारखेखाली एक अट लिहिते: ‘आधी ७ दिवसांचा रिझल्ट बघणे. वही पान ४३.’

शटरिंग मोकळं करायची घाई सगळ्यांना असते. पुढच्या स्लॅबला तेच प्रॉप, त्याच प्लेटा लागतात. घाईत माणूस अंदाजाने दिवस मोजतो, आणि तो अंदाज नेहमी आपल्या सोयीच्या बाजूला झुकतो. तारीख शांतपणे, आज, ओतल्या दिवशी कार्डावर लिहून ठेवली की त्या दिवशी वाद राहत नाही. स्लॅब लवकर सोडल्याने माणसं दगावतात. साडेतीन रुपयांच्याही नसलेल्या एका कार्डाकडून मला मिळणारी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

संध्याकाळी ५.०५

वळीव आला. वारा, धूळ, आणि मग थेंब. स्लॅबचा पृष्ठभाग अजून कच्चा होता. ‘ताडपत्री आणि दोर स्लॅबवर ठेवणे’ हे कार्ड सकाळीच मुकादमाला दिलेलं, त्यामुळे ताडपत्र्या वरच होत्या. सगळ्यांनी मिळून त्या अंथरल्या, कडांवर विटा ठेवल्या.

पावसात लिहिण्याबद्दल एक गोष्ट अनुभवाने सांगते. जेल पेनची शाई एका थेंबाने पसरते, बॉलपेनची तेलकट शाई टिकते. वही प्लॅस्टिकच्या झिपच्या पिशवीत राहते. कार्ड भिजलं तर वाळवायला ठेवायचं. काम झालं की ते फाडायचंच असतं. वही भिजता कामा नये. तिला वर्षं काढायची आहेत.

पाऊस कधी सुरू झाला, कधी थांबला, ताडपत्री कधी पडली, या तीन वेळा वहीत गेल्या. पावसाने काम थांबलं की हिंडरन्स रजिस्टरला नोंद जाते आणि मुदतवाढ मागायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते. ती नंतर आठवून लिहिली तर तिला अर्थ नाही.

संध्याकाळी ६.१५

साइट ऑफिसात दिवसाची मोडणी. एकेक कार्ड हातात घ्यायचं.

झालेलं काम असेल तर कार्डावर आडवी रेघ, वहीत एक ओळ, आणि कार्ड फाडायचं. न झालेलं असेल तर ठरवायचं: उद्या, परवा की पुढच्या आठवड्यात. नवी तारीख घालून बाजूला ठेवायचं, घरी डब्यात जाईल. दुसऱ्याला दिलेली कार्डं परत मागायची. फिटरने टोपीतलं कार्ड काढून दिलं, घामाने मऊ झालेलं. चित्राशेजारी त्याने स्वतः एक टिक केली होती.

कार्डं खिशात साठू द्यायची नाहीत. आठवडाभर तीच कार्डं घेऊन फिरणारा माणूस हळूहळू ती बघेनासा होतो. वहीवाल्यांची अडचणही हीच, फक्त दुसऱ्या रूपात: राहिलेलं काम मागच्या पानावर अडकतं आणि नजरेआड होतं. काही लोक रोज रात्री ते नव्या पानावर पुन्हा लिहितात. ज्यांना जमतं त्यांना वही एकटी पुरते. माझ्या कामात दिवसाला एवढ्या गोष्टी पुढे ढकलल्या जातात की रोज पुन्हा लिहिण्यात अर्धा तास जाईल. कार्ड पुन्हा लिहावं लागत नाही. एका खणातून काढून दुसऱ्यात ठेवलं की झालं.

शेवटी वहीच्या आजच्या पानांचे फोनवर फोटो. वही हरवली तर एवढा आधार पुरे.

रात्री ८.३०

घरी जेवणानंतर पंधरा मिनिटं वहीच्या सूचीची. वहीची पहिली चार पानं मी कोरी सोडते. त्यांवर विषय: कॉलम, स्लॅब, क्यूब, चलन, पाऊस, भेटी. प्रत्येकासमोर आजचे पान नंबर. वहीचा खरा दुबळेपणा हाच आहे की तिच्यात सगळं असतं आणि हवं ते सापडत नाही. इंग्रज तत्त्ववेत्ता जॉन लॉक यालाही तो जाणवला होता. टिपणवहीच्या सुरुवातीला सूची कशी आखावी याची स्वतःची पद्धत त्याने १६८६ मध्ये छापून प्रसिद्ध केली. सूची नसलेली वही लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून असते, आणि ती तेवढी भरवशाची असती तर वही लागलीच नसती.

आपल्याकडच्या दुकानदारांनी हे फार पूर्वीपासून केलेलं आहे. रोजकीर्दीत दिवसाचे व्यवहार घडले त्या क्रमाने, आणि खतावणीत तेच व्यवहार खात्याखात्याने. एकीत काळाचा क्रम, दुसरीत शोधण्याचा क्रम. दोन्ही ठेवल्याशिवाय पेढी चालत नसे.

कार्डांची ताकद बघायची असेल तर पुण्यात येरवड्याचं डेक्कन कॉलेज. तिथे डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचं काम सुरू केलं. ग्रंथांमधून शब्द वेचून त्यांच्या सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या आणि छापील कोश १९७६ पासून येऊ लागला. हे वहीत करता आलं नसतं. शब्द ग्रंथात भेटतो एका क्रमाने आणि कोशात बसतो दुसऱ्या क्रमाने. मधल्या काळात त्याला सुटं राहावं लागतं. वाचनालयातल्या तालिका-कार्डांमागेही हाच विचार, आणि माझ्या खिशातल्या तीन बाय पाचचं माप त्याच कुळातलं आहे.

म्हणजे प्रश्न कार्ड चांगलं की वही चांगली हा नाही. हातातल्या मजकुराचा क्रम पुढे बदलणार आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे. बदलणार असेल तर कार्ड. बदलता कामा नये असेल तर वही. उद्याचं काम, दुसऱ्याला द्यायचा निरोप, पुढच्या महिन्याची तारीख, अजून न पिकलेला विचार, हे सगळं कार्डावर, कारण ते अजून घडायचं आहे. कोण आलं, किती वाजता, काय ठरलं, किती पैसे दिले, डॉक्टर काय म्हणाले, हे वहीत, कारण ते घडून गेलं आहे आणि त्याला हात लावायचा हक्क आता कुणालाच नाही.

रात्री ९.१५

नवी सहा कार्डं डब्यात आपापल्या खणात गेली. ११ जूनचं कार्ड जूनच्या खणात. १ जूनला तो खण उघडेल तेव्हा ते अकराव्यात सरकेल.

हे सगळं इंजिनीअरचंच आहे असं समजू नका. घर चालवणारी बाई, परीक्षेची तयारी करणारा मुलगा, दवाखान्याच्या फेऱ्या मारणारं कुटुंब, शेतावर फवारणीच्या तारखा सांभाळणारा शेतकरी, प्रत्येकाकडे घडलेलं आणि घडायचं असे दोन ढीग असतातच. उद्या एक शिवलेली वही घ्या आणि तिच्या पानांना नंबर घाला. एक जाड कागद कापून वीस कार्डं करा. पहिले आठ दिवस एकच नियम पाळा: झालेल्या कामाची ओळ वहीत गेल्याशिवाय कार्ड फाडायचं नाही, आणि उरलेल्या कार्डाला नवी तारीख घातल्याशिवाय झोपायचं नाही. बाकीचे नियम तुमचं काम तुम्हाला शिकवेल.